केसांचं हेल्मेट होऊ न देता बॅकग्राउंड कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा : बहिणीच्या लग्नाच्या बायोडेटासाठी घरच्या गॅलरीत फोटो काढलाय. केस मोकळे, जरा कुरळे, एका बाजूला गजरा. मागे डावीकडे पांढरी भिंत, उजवीकडे कुंड्यांमधली झाडं. मोबाइलमधल्या अॅपने बॅकग्राउंड काढून फिकट रंग टाकला, तर केस हेल्मेट घातल्यासारखे दिसतात आणि कडेने कुठे पांढरी, कुठे हिरवट किनार राहते. फोटोशॉप थोडंफार येतं. केस नैसर्गिक कसे ठेवायचे?

मी अल्बम डिझाइन आणि रिटचिंग करते. लग्नसराईत दिवसभर हेच चाललेलं असतं. तुम्ही जी किनार म्हणताय, तिच्यावरच बहुतेकांचं काम अडतं, कारण सगळी मेहनत सिलेक्शनवर होते आणि रंगाकडे कुणी बघत नाही.

आधी एक हिशेब करू. समजा फोटो २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने उभा काढलाय, म्हणजे उंची ६००० पिक्सेल. कंबरेपासून डोक्यापर्यंतचा भाग धरला तर फ्रेममध्ये साधारण ७५ सेंटिमीटर उंची आली. म्हणजे दर मिलिमीटरला ८ पिक्सेल. माणसाच्या डोक्यावरचा केस ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. ०.०७ धरा. एका सुट्या केसाच्या वाट्याला जेमतेम अर्धा पिक्सेल आला. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याहून कमी.

म्हणजे बटेबाहेर आलेला एकही सुटा केस एक पिक्सेलसुद्धा पूर्ण भरत नाही. त्या पिक्सेलमध्ये थोडा केसाचा काळा आणि बराचसा भिंतीचा पांढरा मिसळून राखाडी रंग तयार झालाय. फोटो ४०० टक्के मोठा करून बघा, काळी रेघ कुठेच सापडणार नाही, राखाडीच्या छटा सापडतील. अशा ठिकाणी पेन टूलने कट मारायला कडच नसते. गालाला आहे, खांद्याला आहे, केसांना नाही.

पिक्सेलमध्ये माणूस किती आणि मागचं किती, या प्रमाणाला अल्फा म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना आणली, आणि १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रं बसवण्याचं गणित नीट मांडलं. फोटोशॉपचा लेअर मास्क (पांढरा भाग दाखवणारा, काळा लपवणारा, राखाडी अर्धवट दाखवणारा पडदा) आजही त्याच गणितावर चालतो. अडचण उलट्या बाजूने येते. एका पिक्सेलमध्ये आपल्या हातात तीन आकडे असतात : लाल, हिरवा, निळा. शोधायचे असतात सात : केसाच्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन आणि सातवा अल्फा. तीन समीकरणांत सात अज्ञात सुटत नाहीत, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर इथे अंदाज बांधतं. मागचा रंग सगळीकडे एकसारखा आणि माहीत असेल तर सातातले तीन गळतात आणि अंदाज पुष्कळ सुधारतो. साध्या पडद्यासमोर फोटो काढा असं फोटोग्राफर सांगतात, त्याचं हे खरं कारण.

तुमच्या अॅपने काय केलं? जिथे माणूस नक्की आहे तो भाग ठेवला, राखाडी पिक्सेलपैकी बरेचसे उडवले, म्हणून हेल्मेट झालं. जे राखाडी ठेवले त्यांच्यातला भिंतीचा पांढरा आणि झाडांचा हिरवा तसाच राहिला, म्हणून किनार. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि इलाजही वेगळे. पहिली मास्कची, दुसरी रंगाची.

काम सुरू करण्याआधी मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअॅपवरून साधा फॉरवर्ड होऊन आलेला फोटो छोटाही होतो आणि दाबलाही जातो. जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात, त्यामुळे झाडांचा हिरवा केसांत दोन-तीन पिक्सेल आतपर्यंत पसरतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा सरळ केबल लावून घ्या. आणि मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढला असेल तर तो मोड बंद करून मूळ फोटो मिळतो का बघा. आयफोनमध्ये एडिटमध्ये जाऊन तो नंतरही बंद करता येतो. पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर करताना केसांची कड स्वतःच्या अंदाजाने एकदा कापलेलीच असते. बटांमधल्या फटीतून दिसणारी भिंत धूसर, तिच्याशेजारचीच दुसऱ्या फटीतली कडक, असा घोळ तिथे असतो. त्यावर कितीही मेहनत केली तरी केस परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट, नवं बॅकग्राउंड आत्ताच ठरवा. लोक आधी कटिंग करतात आणि मग गुगलवर बॅकग्राउंड शोधत बसतात. मास्क चांगला की वाईट हे पारदर्शक भागाच्या रिकाम्या चौकटींवर कळत नाही, ज्या रंगावर फोटो बसणार त्याच रंगावर कळतं. तुमच्या फोटोत उजेड गॅलरीतला, मऊ, एका बाजूने येणारा आहे. त्याच्यामागे फिकट राखाडी, मोतिया, फिकट निळसर असं काही टाकलं तर अर्धं काम वाचतं, कारण जुन्या भिंतीचा जो थोडा उजेड केसांत राहील तो नव्या रंगात खपून जातो. गडद मरून किंवा काळं टाकायचा हट्ट असेल तर राहिलेला प्रत्येक पांढरट पिक्सेल चमकेल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांची डोकी चिकटवल्यासारखी का दिसतात? कटिंग वाईट असतंच, पण मुख्य म्हणजे दुपारच्या उन्हातला चेहरा सूर्यास्ताच्या आकाशावर बसवलेला असतो.

आता फोटोशॉप. लेअरची कॉपी करा आणि खाली नव्या बॅकग्राउंडचा रंग भरलेला लेअर ठेवा. वरच्या मेनूतून सिलेक्ट सब्जेक्ट करा, मग सिलेक्ट अँड मास्क उघडा. व्ह्यूमध्ये ऑन लेअर्स निवडा, म्हणजे खालचा खरा रंग दिसत राहतो. त्यातलं रिफाइन हेअर बटण आणि ऑब्जेक्ट अवेअर हा पर्याय फोटोशॉप २०२१ पासून आहेत. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तरी बिघडत नाही, रिफाइन एज ब्रश आहेच. उजवीकडच्या झाडांसाठी ऑब्जेक्ट अवेअर, डावीकडच्या सपाट भिंतीसाठी कलर अवेअर, असं साधारण जमतं.

रिफाइन एज ब्रश फक्त केस आणि मागचं जिथे मिसळतं त्या पट्ट्यावर फिरवा. डोक्याच्या आत खोलवर नेलात तर केसांमधली चमक त्याला भिंत वाटते आणि डोक्यात भोकं पडतात. गालावर, कानावर, खांद्यावर तर आणूच नका. खालचे स्मूद, फेदर, कॉन्ट्रास्ट, शिफ्ट एज हे स्लायडर शून्यावर राहू द्या. फेदर वाढवला की केस मऊ होत नाहीत, सगळी कडच धुरकट होते. आउटपुटमध्ये लेअर मास्क निवडा. डिकंटॅमिनेट कलर्स आत्ता लावू नका. ते पिक्सेलचे रंगच बदलतं, म्हणून नवा लेअर बनवल्याशिवाय ते चालतही नाही. शिवाय काळ्या केसांत ते कधी चेहऱ्याचा रंग ओढून आणतं, मग बटा तपकिरी दिसतात.

इथून पुढे तुमचा फोटो मी दोन अर्ध्यांत बघेन.

डावी बाजू, पांढरी भिंत आणि काळे केस, ही सोपी. इथे मास्कपेक्षा मल्टिप्लाय मोड भारी पडतो. मूळ फोटोची आणखी एक कॉपी करून तिचा मोड मल्टिप्लाय करा आणि ती कट केलेल्या लेअरच्या खाली, नव्या बॅकग्राउंडच्या वर ठेवा. त्या कॉपीवर लेव्हल्समध्ये (उजेड-अंधाराची पातळी बदलायची सोय) पांढरा स्लायडर इतका आत घ्या की भिंत पूर्ण पांढरी होईल. मल्टिप्लायमध्ये शुद्ध पांढरा म्हणजे काहीच नाही, त्यामुळे भिंत गायब होते आणि प्रत्येक राखाडी पिक्सेल नव्या रंगाला आपल्या प्रमाणात गडद करतो. अर्ध्या पिक्सेलचा केससुद्धा जिवंत राहतो, तोही पांढऱ्या किनारीशिवाय. या कॉपीला काळा मास्क लावा आणि फक्त डावीकडच्या केसांच्या कडेला पांढऱ्या मऊ ब्रशने उघडा. वरच्या कट लेअरचा मास्क त्या बाजूला थोडा आत घ्या, म्हणजे आतलं डोकं वरच्या लेअरचं आणि बाहेरचे सुटे केस खालच्या मल्टिप्लायचे. दोन्हींचा सांधा घट्ट केसांच्या भागात आला की दिसत नाही.

भिंतीवर सावली असेल तर लेव्हल्सने ती सहज पांढरी होणार नाही. फार ओढलंत तर बारीक केस भाजून जातात. तेवढ्या जागी डॉज टूल, रेंज हायलाइट्स, एक्स्पोजर १०–१५ टक्के, असं हलक्या हाताने फिरवा.

गजऱ्याचं मात्र वेगळं. मल्टिप्लायमध्ये पांढरी फुलं भिंतीबरोबरच पुसली जातात. गजरा कट लेअरमध्येच घ्यायचा, तोही पेन टूलने किंवा साध्या कडक ब्रशने. मोगऱ्याच्या कळ्यांना नीट कड असते, त्यांना केसांची वागणूक देऊ नका. पांढऱ्या भिंतीवर पांढरी कळी दिसत नसेल तर निळा चॅनेल, म्हणजे फोटोतली फक्त निळ्या रंगाची माहिती, उघडून बघा. फुलांच्या सावल्या आणि पिवळसर झाक तिथे जास्त उठून दिसते.

उजवी बाजू अवघड. झाडांमागून उन्हाचे तुकडे येतात, काही पानं केसांइतकीच गडद असतात, त्यामुळे मल्टिप्लाय इथे उपयोगाचं नाही. इथे चॅनेलचा जुना मार्ग वापरते. चॅनेल्स पॅनेलमध्ये लाल, हिरवा, निळा एकेक करून बघा आणि केस नि पानं यांच्यात सर्वांत जास्त फरक दिसेल तो निवडा. पानं हिरव्यात उजळ दिसतात आणि केस तिन्हींत काळे असतात, म्हणून बहुतेक वेळा हिरवाच निघतो. त्याची कॉपी करा. कंट्रोल एल दाबून लेव्हल्समध्ये काळा स्लायडर केस गडद होईपर्यंत आत आणा, पांढरा पानं उजळेपर्यंत. पूर्ण काळं-पांढरं करायचं नाही, कडेचा राखाडी राहिलाच पाहिजे, तोच आपला अल्फा. मग ब्रशचा मोड ओव्हरले करून पानांवर पांढरा फिरवा. ओव्हरलेमध्ये पांढरा रंग उजळ भाग आणखी उजळतो आणि गडद केसांना फारसा हात लावत नाही. केसांच्या आतल्या भागावर त्याच मोडमध्ये काळा. डोक्याचं मधलं क्षेत्र साध्या काळ्या ब्रशने भरून टाका. कंट्रोल आय दाबून उलटं करा, चॅनेलच्या थंबनेलवर कंट्रोल धरून क्लिक करा, सिलेक्शन आलं. कट लेअरच्या मास्कवर जा आणि फक्त उजव्या केसांच्या भागात पांढऱ्या ब्रशने ते आत घ्या.

तरीही काही केस पानांत मिसळून गेलेलेच असतील. ते सोडा. इथे हातात धीर हवा आणि मनाने थोडं निर्दयही व्हायला हवं. डोक्यापासून लांब उडालेले, अर्धे दिसणारे आणि अर्धे पानात हरवलेले केस मास्कमध्ये ठेवले की ते हवेत तरंगणारे तुकडे दिसतात. त्यापेक्षा पुसलेले बरे. बघणाऱ्याला प्रत्येक केस नको असतो. बाह्यरेषा कुठे भरीव, कुठे विरळ, एवढंच डोळा तपासतो.

आता हिरवट किनार. कट लेअरच्या वर नवा लेअर घेऊन क्लिपिंग मास्क करा, म्हणजे रंग खालच्या लेअरच्या आकाराबाहेर जाणार नाही; मोड कलर. ऑल्ट दाबून किनारीच्या जरा आतला केसांचा रंग उचला आणि मऊ ब्रशने हिरवट भागावर फिरवा. हिरवा जातो, उजेड-अंधार तसाच राहतो. त्यानंतरही कड उजळ दिसली तर आणखी एक क्लिप केलेला लेअर, मोड डार्कन, तोच रंग, ओपॅसिटी ३० टक्क्यांच्या आसपास. केसांना तेल लावलं असेल तर त्या चमकेतही झाडांचा हिरवा उतरलेला असतो. कडेच्या पलीकडे थोडं आतपर्यंत तपासा. गळ्यापाशी आणि गालाच्या उजव्या कडेलाही हिरवी झाक असेल, ती तशीच राहिली तर केस कितीही सुंदर झाले तरी फोटो चिकटवलेलाच वाटतो.

मग कडेची तीक्ष्णता. फोकस डोळ्यांवर असतो, डोक्याच्या मागच्या बाजूचे केस आणि मागचा खांदा थोडे मऊ असतात. अॅपचा मास्क सगळीकडे एकाच तीक्ष्णतेचा असतो, आणि डोळ्याला कारण कळत नसलं तरी ते खटकतं. ब्लर टूल मास्कवर, हो, मास्कवरच, मागच्या खांद्याच्या कडेने एक-दोनदा फिरवा. चेहऱ्याची कड जशी आहे तशी ठेवा.

शेवटी थोडे केस हाताने काढावे लागले तर काढा. पेन टॅब्लेट असेल तर उत्तम, शेप डायनॅमिक्समध्ये साइजला पेन प्रेशर लावा. ब्रश एक ते दोन पिक्सेलचा, ओपॅसिटी ६० टक्क्यांच्या आत, रंग केसांतूनच उचललेला आणि शुद्ध काळा कधीच नाही. केस डोक्याच्या आतून सुरू करा, टोकाला हलका सोडा. तुमच्या बहिणीचे केस कुरळे आहेत, तेव्हा सरळ रेघा ओढू नका, शेजारच्या बटेचं वळण बघून तसाच फिरवा. मोजके पुरतात. हात सैल झाला की माणूस काढतच राहतो आणि मग डोक्याभोवती गवत उगवतं.

नव्या बॅकग्राउंडला किंचित नॉइज घाला, फिल्टरमधून एक-दीड टक्का. फोटोत दाणे आणि मागे काचेसारखा स्वच्छ रंग असेल तर जोड उघडा पडतो. उजेड येतो त्या बाजूला बॅकग्राउंड जरा उजळ, उलट बाजूला जरा गडद केलंत की आणखी बरं.

फोटोशॉप घ्यायचं नसेल तर गिंप फुकट आहे. त्यातल्या फोरग्राउंड सिलेक्ट टूलमध्ये बाहेरून ढोबळ रेघ मारायची, केस-चेहरा रंगवून दाखवायचा आणि इंजिन म्हणून मॅटिंग लेव्हिन निवडायचं. २.१० पासून ते त्यात आहे. पांढऱ्या भिंतीसाठी तर गिंपकडे फोटोशॉपहून सरळ सोय आहे : कलर्स मेनूतलं कलर टू अल्फा. मागचा रंग कोणता ते सांगितलं की ते प्रत्येक पिक्सेलमधून तेवढा रंग वजा करून उरलेल्याला पारदर्शकता देतं. वर ज्या अज्ञातांबद्दल लिहिलं, त्यातले तीन तुम्हीच भरून दिलेत. दात, डोळ्यांचा पांढरा भाग आणि गजरा हेही पारदर्शक होतात, म्हणून खाली साध्या कटिंगचा लेअर ठेवायचा.

ऑनलाइन एआय साइट्सवर माझा राग नाही. पहिला ढोबळ मास्क त्या क्षणात देतात आणि कुरळ्या केसांत त्यांची प्रगती खरोखर दिसते. पण फुकटात मिळणारी फाइल बऱ्याचदा लहान असते, आणि घरच्या मुलीचा फोटो कुठल्याही अनोळखी साइटवर चढवावा का हा प्रश्न आहेच. आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारी साधनं आहेत, रेमबीजी हे त्यातलं एक मोफत. त्यांचा मास्क घ्या आणि रंगाचं काम वर सांगितलं तसं हाताने करा.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी आधी विचारलं असतं, फोटो पुन्हा काढता येईल का? बहीण घरातच असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे उभं करा, म्हणजे भिंतीचा पांढरा उजेड केसांवर उलटून पडत नाही. झाडं फ्रेमबाहेर. शक्य असेल तर मागे फिकट राखाडी चादर, सुरकुत्या काढून. हिरवा पडदा काळ्या, तेलकट चमक असलेल्या केसांसाठी मला नको वाटतो, हिरवा सगळीकडे उतरतो. उडणारे केस ओल्या हाताने बसवा, एक-दोन बटा मुद्दाम मोकळ्या सोडा. पोर्ट्रेट मोड आणि ब्युटी फिल्टर बंद. आणि हाच फोटो पासपोर्टलाही वापरू असं डोक्यात असेल तर तो विचार सोडा. तिथे एडिट केलेला फोटो चालत नाही, खरोखर पांढऱ्या पडद्यासमोर वेगळा काढून घ्या.

फाइल पीएसडीमध्ये (फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) लेअरसकट जपून ठेवा, बायोडेटाचं बॅकग्राउंड घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या दिवशी आवडत नाही. पारदर्शक हवी असेल तर पीएनजी द्या, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता नसते. आणि मल्टिप्लाय वापरलाय हे लक्षात असू द्या : त्या लेअरचे केस खालच्या रंगाशी बांधलेले आहेत, नुसत्या पीएनजीत ते तसे येणार नाहीत. रंग बदलायचा झाला तर पीएसडीतच बदलून नव्याने जेपेग काढा. ए-फोर कागदावर छापायचं असेल तर फोटो कागदावर जेवढा येणार त्या मापात ३०० डीपीआयला एकदा १०० टक्क्यांवर बघा. ४०० टक्क्यांवर दिसणाऱ्या चुका प्रिंटमध्ये येत नाहीत, पण गळ्यापाशी राहिलेली हिरवी झाक हमखास येते.